मुलांचा स्पॅनिशचा वर्ग जूनमध्ये सुरू करताय? पहिले सहा आठवडे असे घ्या

जून आला की पुण्यात सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज फिरायला लागतात, अबॅकस, कथक, रोबोटिक्स, आणि आता त्यात स्पॅनिश पण. काही शाळांमध्येही स्पॅनिश घेता येतं, त्यामुळे मुलांसाठी शिकवणाऱ्यांची गरज वाढलीये. शिकवणारे आपण बहुतेक सगळे मोठेपणी शिकलेले असतो, कॉलेजात किंवा नोकरी करता करता, त्यामुळे आपल्या डोक्यात वर्ग म्हटलं की फळ्यावर 'सेर' (असणे) क्रियापदाचा तक्ता, सोय, एरेस, एस, आणि खाली रिकाम्या जागा भरा. सात-आठ वर्षांच्या मुलासमोर हे पहिल्या दिवशी ठेवलं तर ते मूल गप्प बसून उतरवून घेईल, तिसऱ्या आठवड्यात पोटात दुखायला लागेल आणि गणपतीपर्यंत बॅच अर्धी झालेली असेल. म्हणून सुरुवात कशी करायची ते जरा नीट सांगते, ज्यांची पहिलीच बॅच आहे त्यांच्यासाठी खास, आणि शाळेत शिकवणाऱ्यांना पण यातलं बरंच वापरता येईल.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. वर्गातली मुलं मराठी बोलणारी असतील तर स्पॅनिश आणि त्यांच्यामध्ये इंग्रजी आणू नका. शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी. आपण सवयीने 'आय लाईक म्हणजे मे गुस्ता' असं सांगतो आणि मग पुढे अर्धा तास समजावत बसतो की इथे 'आय' कुठे गेला आणि आवडणारी वस्तू कर्ता कशी झाली. मराठीत हा प्रश्नच येत नाही हो. 'मला आंबा आवडतो' हे 'मे गुस्ता एल मांगो', आणि 'मला आंबे आवडतात' हे 'मे गुस्तान लोस मांगोस'. आंबे अनेक झाले तसं क्रियापद बदललं, आपल्यासारखंच. इंग्रजीतून शिकणाऱ्या मोठ्या माणसांना जे महिनोन्महिने जड जातं ते मराठी मूल एका तासात उचलतं, फक्त आपण त्याला थेट पुढे जाऊ द्यायचं. तसंच 'तू' म्हणजे 'तू', आणि मोठ्यांना 'उस्तेद', म्हणजे आपलं अहो-जाहो. इंग्रजीच्या एकाच 'यू'मधून हे समजावणं म्हणजे लांबचा वळसा. क्रियापदावरूनच कोण बोलतंय ते कळतं म्हणून 'मी' गाळायचा, 'येतो', 'जातो', 'बोलतो', हेही मुलांना नवीन नाही.

आता बॅच. सहा ते आठ वर्षांची मुलं वेगळी आणि नऊ ते बाराची वेगळी, एवढं तरी पाळाच, भावंडं एकत्र आणायची आईबाबांची कितीही इच्छा असली तरी. लहानांना लिहिण्याचा वेग नसतो आणि मोठ्यांना लहान मुलांच्या गाण्यावर नाचायची लाज वाटते. आठ-दहा मुलं पुरेत. आठवड्यातून एकदा दोन तास घेण्यापेक्षा दोनदा पाऊण पाऊण तास घ्या, कारण सात दिवसांत मूल सगळं विसरतं आणि तीन दिवसांत निम्मं राहतं. वह्या पहिल्या तीन आठवड्यांत आणूच नका म्हणावं. हे पालकांना विचित्र वाटतं, फी भरली आणि वही कोरी, पण त्यांना आधीच सांगून ठेवा की कान तयार झाल्याशिवाय लिहायला घेतलं तर मूल प्रत्येक शब्द इंग्रजी स्पेलिंग समजून वाचतं, आणि ती सवय नंतर मोडायला वर्ष जातं.

पहिल्या दिवशी खुर्च्या भिंतीला लावून गोलात खाली बसा. तुम्ही दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला 'ओला, ब्वेनास तार्देस', म्हणजे आपला नमस्कार, म्हणा आणि उत्तर येईपर्यंत हसत थांबा, जबरदस्ती नाही. मग 'मे यामो', म्हणजे माझं नाव, आणि तुमचं नाव, छातीवर हात ठेवून, आणि एक चेंडू पुढच्याकडे, 'कोमो ते यामास?', तुझं नाव काय. तीन फेऱ्यांत गोलातलं सगळ्यात लाजरं मूलही 'मे यामो' म्हणून जातं कारण बाकीच्यांचं ऐकून ऐकून तोंडात बसलेलं असतं. तुम्हाला मुलांनी काय म्हणायचं? मॅम, टीचर, ताई चालेल, पण 'प्रोफे' छान आहे, स्पॅनिशभाषक देशांत मुलं शिक्षकांना सर्रास असंच म्हणतात आणि बाई असो की सर, शब्द एकच.

मुलांना स्पॅनिश नावं देऊ नका. काही वर्गात अनन्याची 'आना' आणि वेदांतचा 'व्हिसेन्ते' करतात. मला हे अजिबात पटत नाही, मुलाचं नाव त्याचंच राहू द्या. त्याऐवजी त्यांचीच नावं मद्रिदमधली एखादी आजी कशी वाचेल ते करून दाखवा. एच उच्चारत नाहीत म्हणून हर्षचा 'आर्श' होतो, 'J' हे अक्षर घशातून खरवडून काढतात म्हणून जयचा 'खाय' होतो, व्ही आणि बी दोन्हींचा आवाज ब म्हणून वेदांतचा 'बेदांत'. या एका खेळात अर्धे उच्चाराचे नियम निघतात आणि ते विसरत नाहीत, कारण प्रत्येक नियम कुणाच्या तरी नावाला चिकटलेला असतो. शर्वरी असेल तर तिला सांगा की तिचा श बऱ्याच स्पॅनिश बोलणाऱ्यांना जमत नाही, ते च म्हणतील. तिला भारी वाटतं.

उच्चारांवर थोडं जास्त बोलते कारण इथे आपल्या मुलांचा खरा फायदा आहे. इंग्रजीतला टी आपण ट वाचतो, स्पॅनिशमधला त असतो, दातामागचा, अगदी आपल्या 'ताक'मधला. डी म्हणजे द. पी आणि के इंग्रजीत श्वास सोडून म्हणतात, स्पॅनिशमध्ये आपल्या प आणि क सारखे कोरडे. सीएच म्हणजे 'चिमणी'तला च, 'चाका'तला नाही, हे मुद्दाम सांगा कारण मराठीत दोन्ही आहेत आणि मुलं कधी कधी 'ओचो'मध्ये (आठ) चाकाचा च घालतात. दोन एल शेजारी आले की य, म्हणून 'यामो', पण अर्जेंटिनात, मेस्सीच्या रोसारिओतसुद्धा, 'शामो' ऐकू येईल, तर फुटबॉलवेडी मुलं यूट्यूबवर मुलाखत बघून येतील आणि म्हणतील प्रोफे तुम्ही चुकीचं शिकवलं. त्यांना सांगायचं की पुण्याचं आणि कोल्हापूरचं मराठी जसं दोन्ही मराठी तसंच हे. एनवर लाटेसारखी रेघ असलेलं अक्षर म्हणजे न्य, 'निन्यो', म्हणजे मुलगा. आणि र. एक र 'पेरो', म्हणजे 'पण', आणि थरथरणारा दुहेरी र 'पेर्रो', म्हणजे कुत्रा. मुलांना जीभ थरथरवायला मजा येते, पहिल्या आठवड्यात सगळा वर्ग कुत्रा कुत्रा करत घरी जातो.

स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी झेड, तसंच ई आणि आय यांच्या आधीचा सी, जीभ दातांत धरून म्हणतात, लॅटिन अमेरिकेत सरळ स. तुम्ही स्वतः जे शिकलात तेच शिकवा, दोन्ही एकत्र करू नका, पण पुस्तकाचा ऑडिओ स्पेनचा असेल तर ते वेगळं का ऐकू येतं ते एकदा सांगून टाका. मुळाक्षरांचा तक्ता विकत घेताना अक्षरं मोजून बघा. 27 हवीत, इंग्रजीची 26 आणि ती लाटवाली एक. जुन्या तक्त्यांवर सीएच आणि डबल एल धरून 29 असतात, 2010 साली स्पॅनिश अकादमीने ती दोन वर्णमालेतून काढली, आणि मुलं मोजतातच.

पहिले तीन आठवडे वर्ग चालवायचा तो हुकुमांवर. 'लेबांताते' ऊठ, 'सिएंताते' बस, 'मीरा' बघ, 'एस्कूचा' ऐक, 'आब्रे ला पुएर्ता' दार उघड. जेम्स अॅशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1960च्या दशकात ही पद्धत मांडली, शिक्षक बोलतो आणि मूल अंगाने उत्तर देतं, तोंडाने द्यायची सक्ती नाही. तुम्ही आधी स्वतः करून दाखवा, मग मुलांबरोबर करा, मग नुसतं म्हणा. आणि आपला 'चिमणी उड कावळा उड' काढा, यासाठी याच्याइतका चांगला खेळ मला माहीत नाही. बोटं जमिनीवर, प्रोफे म्हणणार 'एल पाखारो बुएला', पक्षी उडतो, बोटं वर, 'ला बाका बुएला', गाय उडते, जो बोट उचलेल तो पुढचा प्रोफे. प्राणी, क्रियापद, एल आणि ला, सगळं कानावरून जातं आणि दुसऱ्या आठवड्यात मूल स्वतः हुकूम द्यायला लागतं म्हणजे बोलायला लागलंच की. हजेरी पण स्पॅनिशमध्ये, 'प्रेसेंते'. आणि चार वाक्यं भिंतीवर चित्रांसकट लावून ठेवा ज्यांच्याशिवाय वर्गात काम होणार नाही, 'नो एन्तिएन्दो' कळलं नाही, 'मास देस्पासियो' हळू, 'पुएदो इर आल बान्यो' बाथरूमला जाऊ का, आणि 'कोमो से दीसे' हे कसं म्हणतात. बाथरूमचं वाक्य सगळ्यात आधी पाठ होतं, गरज असते ना. पण एखादं लहान मूल अडलं आणि मराठीत विचारलं तर तिथे शिकवत बसायचं नाही, लगेच जाऊ द्यायचं.

विषय कुठून घ्यायचे? पुस्तकात पहिला धडा बऱ्याचदा सप्टेंबरचा असतो कारण स्पेनमध्ये शाळा तेव्हा उघडते. आपल्याकडे जून आहे, बाहेर पाऊस आहे, मुलं भिजून आलीयेत, तर पावसापासून सुरू करा. वर्ग सुरू होताना रोज एकाने खिडकीशी जायचं आणि बाकीच्यांनी विचारायचं 'युएबे?', पडतोय का, आणि तो 'सी' किंवा 'नो'. छत्री म्हणजे 'पाराग्वास', कोपऱ्यात ठेवलेल्या छत्र्यांचे रंग विचारा. रंगांमध्ये पुन्हा मराठी कामाला येते. आपल्याकडे काळा घोडा, काळी गाय, पण लाल घोडा आणि लाल गाय, लाल बदलत नाही. स्पॅनिशमध्ये असेच काही रंग बदलतात आणि काही नाही, 'रोखो' (लाल) चा 'रोखा' होतो पण 'बेर्दे' (हिरवा) बेर्देच राहतो. फक्त कुठला रंग कुठल्या गटात ते वेगळं. नपुंसकलिंगी नामं त्यांच्याकडे नाहीत त्यामुळे पुस्तक पुल्लिंगी होतं आणि चंद्र स्त्रीलिंगी, 'ला लूना', म्हणून नुसता शब्द कधीच देऊ नका, कायम 'एल लिब्रो', 'ला लूना', एल-ला सकट. पुढे बोलता बोलता त्यांना हेही दिसतं की 'मी जातो, मी जाते' असा मुलगा-मुलगीचा फरक स्पॅनिश क्रियापदात नाही, दोघंही 'बोय'. एखादी चुणचुणीत मुलगी हे स्वतःहून पकडते. पकडू द्या, आधी सांगू नका.

आषाढी एकादशी वर्ग सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत येते आणि तो माझा सगळ्यात आवडता तास. साबुदाण्याची खिचडी घ्या. बटाटा मुळात अँडीज पर्वतातला, पेरू-बोलिव्हियाकडचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. मिरची अमेरिका खंडातली. आणि साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावाही तिथलाच, स्पॅनिशमध्ये 'युका'. म्हणजे आपण उपवासाला जे खातो त्यातलं बरंचसं आलंय कुठून, तर आज जिथे स्पॅनिश आणि पोर्तुगीज बोलतात तिथून, पोर्तुगीजांनी जहाजातून आणलेलं. मुलांचे डोळे मोठे होतात. नकाशा जमिनीवर पसरा, खरा बटाटा, दाणे, मिरची त्यावर ठेवा आणि नावं घ्या. बटाटा स्पेनमध्ये 'पाताता' आणि लॅटिन अमेरिकेत 'पापा'. शेंगदाणा मेक्सिकोत 'काकाउआते', अर्जेंटिनात 'मानी'. 'मे गुस्ता ला पाताता' हे वाक्य त्याच दिवशी आपोआप येतं. पोर्तुगीजांचा विषय निघालाच तर त्यांच्याकडून मराठीत आलेले शब्द घ्या, पाव म्हणजे 'पान', चावी म्हणजे 'याबे', आजीच्या सपाता म्हणजे 'सापातोस', पोर्तुगीज स्पॅनिशची सख्खी बहीण असल्याने हे शब्द ओळखीचे निघतात. गोव्यात किंवा वसईकडे वर्ग असेल तर मुलं घरून आणखी शब्द घेऊन येतील, यादी त्यांनाच करू द्या.

दुसरी एक गोष्ट, जी आपल्या कॅलेंडरमध्ये इतकी चपखल बसते की वापरली नाही तर वाईट वाटेल. नेपोलियनने 1808 मध्ये स्पेनच्या राजाला हटवलं आणि अमेरिकेतल्या वसाहतींमध्ये उठाव सुरू झाले, आज जे स्वातंत्र्यदिन साजरे होतात त्यातले बरेचसे 1809 ते 1825 मधले, आणि ते नेमके आपल्या पहिल्या सत्रात येतात. 5 जुलै व्हेनेझुएला, 9 जुलै अर्जेंटिना, 20 जुलै कोलंबिया, 28 जुलै पेरू, 6 ऑगस्ट बोलिव्हिया, 10 ऑगस्ट इक्वाडोर, मग आपला 15 ऑगस्ट, 25 ऑगस्ट उरुग्वे, 15 सप्टेंबरला मध्य अमेरिकेतले पाच देश एकदम, 16 सप्टेंबर मेक्सिको, 18 सप्टेंबर चिली. प्रत्येक मुलाला एक देश द्या. त्या तारखेच्या जवळच्या वर्गात त्याने झेंडा रंगवून आणायचा आणि तीनच वाक्यं बोलायची, देशाचं नाव, राजधानी, झेंड्याचे रंग. स्पॅनिश ही जिथे राजभाषा आहे असे 20 देश आहेत, स्पेन त्यातला एक, हे मुलांना झेंडे भिंतीवर लागत जातात तसं दिसत जातं. नाहीतर स्पॅनिश म्हणजे स्पेन एवढंच डोक्यात राहतं.

चौथ्या आठवड्यात वही. तोपर्यंत साठ-सत्तर शब्द कानात असतात, मग लिहिलेला शब्द दिसला की मूल आवाज आठवून वाचतं. देवनागरीत लिहू द्यायचं का हा वाद नेहमीचा. माझं मत, फळ्यावर तुम्ही कंसात देवनागरी उच्चार लिहा, तो इंग्रजी पद्धतीने लिहिलेल्या उच्चारापेक्षा कितीतरी जवळचा असतो, पण वहीत मुलांनी स्पॅनिशच लिहावं, नाहीतर सहा महिन्यांनी वही देवनागरी आणि परीक्षेत स्पेलिंग शून्य. प्रश्नाच्या सुरुवातीला उलटं प्रश्नचिन्ह असतं ते मुलांना प्रचंड आवडतं, त्याने सुरुवात करा. स्वरावरची तिरकी रेघ मात्र पहिल्या दिवसापासून सक्तीची, ती गाळली तर शब्द चुकला असंच धरा. मोठ्या मुलांच्या आईबाबांना फोनमध्ये स्पॅनिश कीबोर्ड जोडायला सांगा, सेटिंगमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. गृहपाठ ट्रान्सलेट अॅपमधून करून आणतील तर ते टाळायचा उपाय म्हणजे लिहायचा गृहपाठच कमी द्या, त्याऐवजी तीस सेकंदांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवायला सांगा.

पालकांशी एकदा नीट बोला, पहिल्या आठवड्यातच. एक, मूल सुरुवातीला घरी काहीच बोलणार नाही आणि ते ठीक आहे, ते साठवतंय. दोन, पाहुणे आले की 'काकूंना स्पॅनिश बोलून दाखव' हे कृपा करून नको, याने जितकी मुलं गप्प झालेली पाहिलीत तितकी कुठल्याच परीक्षेने नाही. त्यापेक्षा आईने मुलाकडून एक शब्द शिकावा आणि रात्री जेवताना चुकत चुकत वापरावा, मूल हसत हसत दुरुस्त करेल. तीन, परीक्षा. हा प्रश्न पहिल्या फोनवरच येतो. देले या स्पॅनिशच्या परीक्षेचं प्रमाणपत्र इन्स्तितूतो सेर्बांतेस ही स्पेनची सरकारी संस्था देते, त्यांचं केंद्र दिल्लीत आहे, आणि शाळकरी मुलांसाठी ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या, पातळीची वेगळी परीक्षा असते. पण सात वर्षांच्या मुलासाठी तो विषय आत्ता काढूच नका, सातवी-आठवीत बघता येईल. शाळेत स्पॅनिश असलेल्या मुलांच्या आईबाबांना मात्र घटक चाचणीची काळजी असते आणि ती खरी आहे, त्या मुलांचं शाळेचं पुस्तक मागून घ्या आणि तिथले शब्द तुमच्या खेळांमध्ये घाला, वेगळी शिकवणी नको.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी मुलाला नाव, वय, दोन आवडीनिवडी सांगता याव्यात, दहापर्यंत आकडे, सहा-सात रंग, आणि तुम्ही बोललेले वीसेक हुकूम कळावेत. वयाचं वाक्य आधी पाठच करून घ्या, 'तेंगो ओचो आन्योस', तिथे ते 'माझ्याकडे आठ वर्षं आहेत' म्हणतात आणि ते मराठीशी जुळत नाही, फोड करत बसू नका. ज्याला हे सगळं येत नाही त्याला वेगळं काढू नका, जोडीत काम द्या.

आणि उशिरा येणारं मूल असतंच, जुलैच्या शेवटी कुणीतरी बदली होऊन येतं किंवा मैत्रिणीचं बघून येतं. त्याला सुरुवातीपासूनचं सगळं बसवून शिकवू नका. पहिल्या दिवशी त्याला फक्त बघू द्या, शेजारी एक बोलकं मूल द्या जे 'सिएंताते' म्हटलं की त्याचा हात धरून खाली बसवेल, आणि झेंड्यांच्या यादीत चिली किंवा मेक्सिको त्याच्यासाठी रिकामा ठेवा, सप्टेंबरपर्यंत त्याची तीन वाक्यं तयार होतात.